शेवटचा मीच

२६ ऑगस्ट

मालकीणबाईंनी केबिनमध्ये बोलावून खुर्ची पुढे केली, तेव्हाच मनात पाल चुकचुकली. अकरा वर्षांत त्यांनी मला बसा म्हटलेलं नाही. जुन्या व्यापारी मार्गाची सहल नेणारा त्यांचा माणूस जिन्यावरून घसरला, पाय प्लास्टरमध्ये. बारा प्रवासी ठरलेत, आणि तो रस्ता ठाऊक असलेला ऑफिसात मी एकटा उरलोय.

मी म्हटलं, बाई, मी अकरा वर्षं प्रवाशांच्या तक्रारींना उत्तरं लिहितोय. ‘आपल्या गैरसोयीबद्दल आम्ही दिलगीर आहोत’ एवढं एकच वाक्य मला आता येतं. त्या म्हणाल्या, पायाखालचा रस्ता माणूस विसरत नाही. मी नाही म्हणालो. चांगलं खणखणीत नाही म्हणालो. मग त्यांनी प्रवाशांची यादी माझ्यापुढे सरकवली. सहाव्या नंबरवर वहिनी.

वहिनी म्हणजे दादाची बायको. दादा माझा थोरला भाऊ, आणि सहली नेण्यातला माझा गुरू. त्याच रस्त्यावर, खिंडीतल्या सराईपाशी, तांड्यांच्या जुन्या धर्मशाळेपाशी तो गेला. दर रविवारी मी वहिनींकडे जेवतो. परवाही जेवलो. त्यांनी दोनदा आमटी वाढली, पण सहलीचा चकार शब्द काढला नाही.

घरी येऊन फोन केला. त्या म्हणाल्या, “ते जिथे राहिले ती जागा मला बघायचीय, भाऊजी. आणि काय झालं ते तिथे उभं राहून तुमच्या तोंडून ऐकायचंय.” आवाज अगदी नेहमीचा, भाजी आणायला सांगावी तसा.

हो म्हणालो. दुसरं काय म्हणणार होतो?

२७ ऑगस्ट

वहीत तरी खरं लिहावं. वही कुणी वाचत नाही.

वहिनींना, कंपनीला, चौकशीला आलेल्यांना मी सांगितलं ते असं. दादा म्हणाला, तुम्ही व्हा पुढे, मी इथली भिंतीवरची कोरलेली अक्षरं उतरवून घेतो आणि मागच्या ट्रकने येतो. मग बर्फ पडायला लागलं आणि खिंड बंद झाली.

खरं ते असं. दादा यातलं काहीही म्हणाला नाही. आमची पद्धत ठरलेली होती. दोघांपैकी एक पुढे, एक शेपटाला. शेपटाच्या माणसाने सगळ्या खोल्यांत डोकावायचं, कुणी मागे राहिलं नाही ना बघायचं, सगळ्यांत शेवटी यायचं, गाडीच्या दारावर दोन थापा मारायच्या आणि म्हणायचं, शेवटचा मीच. तोवर गाडी हलत नाही. शेपटाला कायम मी असायचो आणि गाडीतली डोकी मोजायचा दादा. त्या दिवशी मी सारखा शिंकत होतो, नाक नळासारखं वाहत होतं. दादा म्हणाला, तू आत बस आणि मोज, मी खोल्या बघून येतो. आयुष्यात पहिल्यांदा मी मोजत होतो.

सोळा प्रवासी आणि दादा, सतरा. मोजणारा स्वतःला मोजत नाही, हा पहिला नियम, दादाने मला शंभरदा ऐकवलेला. मी मोजले, सतरा भरले. काचांवर बर्फाचे कण आपटत होते. ड्रायव्हरने विचारलं, निघायचं? थापा काही ऐकू आल्या नव्हत्या, पण तसल्या वाऱ्यात कुठल्या ऐकू येणार? आकडा बरोबर होता. मी म्हटलं, हो.

दोन तासांनी चहाला थांबलो. मागच्या दाराजवळच्या सीटवर दादाची पिशवी होती आणि दादा नव्हता. परत फिरलो तर खिंड बंद. तिसऱ्या दिवशी रस्ता साफ करणाऱ्यांना तो सराईच्या दारात बसलेला सापडला.

मी सतरा मोजले होते. आजही शपथेवर सांगेन. मग दादाच्या जागी आमच्या गाडीत कोण बसून आलं? हे मी कुणाला सांगणार? वेड्यात काढलं असतं. म्हणून दुसरं सांगितलं. त्यात माझी मान वाचली आणि दादाची कापली गेली. वहिनींनी त्याचा फोटो माळ्यावर टाकला. पुतण्या तेव्हा तेरा वर्षांचा होता. अजून म्हणतो, बाबांना आमच्यापेक्षा दगड प्यारे होते. आणि मी समोर बसून वरणभात जेवतो.

सराईपाशी खरं सांगायचं की नाही, तेवढाच प्रश्न आहे. बारा दिवसांनी निघायचंय, तेवढेच हातात आहेत असं म्हणून वही मिटतो. खरं तर सराईला पोचायला वीस आहेत, पण कमी धरलेले बरे.

८ सप्टेंबर

निघालो. माझ्या जोडीला सिस्टर आहे. पूर्वी मोठ्या रुग्णालयात नर्स होती, आता सहलींवर असते. नाव घेऊन हाक मारली तर तीच ओ देत नाही, सिस्टरच म्हणायचं. शेपटाला ती, पुढे आणि मोजायला मी. मला शेपूट हवं होतं, पण तिने कागद दाखवला, त्यात तसं लिहिलंय.

प्रवासी बरे आहेत. पहिल्या सीटवर भूगोलाचे निवृत्त मास्तर, मांडीवर चार नकाशे. सगळे त्यांना नकाशेकाका म्हणायला लागलेत. मी रस्त्याबद्दल काही बोललो की ते घसा खाकरतात आणि मग मला माझं वाक्य दुरुस्त करावं लागतं.

वहिनी सगळ्यांत शेवटी आल्या. खांद्याला दादाची खाकी पिशवी. ती मी अकरा वर्षांपूर्वी त्यांच्या हातात दिली होती आणि तेव्हापासून पाहिली नव्हती. विचारलं तर म्हणाल्या, मे महिन्यात माळा साफ करायला काढला, तेव्हा पहिल्यांदा उघडली. त्यांनी ती मागच्या दाराजवळच्या सीटवर ठेवली आणि स्वतः तिच्या शेजारी बसल्या. त्यांना कुणी सांगितलं की तीच सीट? गाडीही तीच नाही.

आकडा सोपा. बारा प्रवासी आणि सिस्टर, तेरा. ड्रायव्हरला मोजत नाहीत. तो नसेल तर गाडीच आपल्याला सांगते. दादाची रीत मला पाठ आहे. उजवा हात छातीवर ठेवायचा, क्षणभर थांबायचं, मग पुढून मागे जायचं. देवाचं नाव घेत असेल असं मला नेहमी वाटायचं, कधी विचारलं नाही. मी तसंच केलं. छातीवर हात ठेवला, एक म्हटलं, आणि नकाशेकाकांपासून सुरू करत मागे सिस्टरपर्यंत आलो.

चौदा.

पुन्हा मोजले. चौदा. सिस्टरने तिच्या यादीवर खुणा करून तेरा म्हटलं, तेव्हा मी मान डोलावली. शर्ट पाठीला चिकटला होता. गाडी सुटल्यावर एकेक चेहरा पाहत मागे गेलो. सगळे ओळखीचे. वहिनींनी विचारलं, काय शोधताय? म्हटलं, पाण्याची बाटली. ती माझ्या हातातच होती.

१० सप्टेंबर

विटांच्या मनोऱ्यापाशी थांबलो. तांडे चुकू नयेत म्हणून याच्या माथ्यावर पूर्वी दिवा लावत. मी माझं जुनं भाषण काढलं: या वाटेने मीठ गेलं, कागद गेला, रंग गेले, घोडे आले. अकरा वर्षांनी तोंडातून आपोआप येत होतं, आणि मला जरा बरंही वाटत होतं. माणसं ऐकत होती. एका बाईंनी तर लिहून घेतलं.

मग सवयीने पुढचं आलं. म्हटलं, तांड्यात शेवटच्या उंटाच्या गळ्यात घंटा बांधायचे. पुढच्याने मागे वळून बघायचं नाही, नुसतं ऐकायचं. घंटा ऐकू येते आहे तोवर सगळे आहेत. घंटा थांबली की अख्खा तांडा थांबायचा, मग वारा असो की वादळ.

इथे मी भाषण तोडलं. नकाशेकाकासुद्धा खाकरायचे थांबले. सिस्टरने पाणी दिलं. वहिनी मनोऱ्याकडे बघत होत्या, माझ्याकडे नाही. मग म्हणाल्या, फार चांगलं होतं, ते घरी मुलाला हेच सांगायचे.

निघताना मोजले. चौदा.

११ सप्टेंबर

चौदा. आज तीनदा थांबलो, तिन्ही वेळा चौदा.

१३ सप्टेंबर

पायऱ्यांच्या विहिरीजवळ एक चहावाला आहे. त्याने किती कप विचारलं. गाडीतून उतरताना मोजलेलं डोक्यात होतं, म्हणून म्हटलं, ते चौदा, मी पंधरावा, ड्रायव्हर सोळावा. त्याने सोळा कप भरले. एक उरला. टेबलावर वाफा देत राहिला, कुणी हात लावेना. सिस्टर म्हणाली, साहेब, तुमचं गणित कच्चं आहे, आपण पंधरा. सगळे हसले, मीही हसलो. कप उचलून ओतून टाकावा असं वाटलं, पण हात धजेना. शेवटी ड्रायव्हरने दुसरा म्हणून प्यायला. प्यायला आणि त्याला काही झालं नाही, हे मी दिवसभर बघत होतो. लाज वाटते लिहायला, पण बघत होतो.

नंतर वहिनी माझ्याशेजारी पायरीवर येऊन बसल्या. इकडचं तिकडचं बोलल्या. मग विचारलं, हे ती कोरलेली अक्षरं कशावर उतरवून घ्यायचे? मला बरं वाटलं, इतक्या वर्षांनी त्यांनी दादाचं काही विचारलं. सांगितलं की त्याची एक जाड वही होती, काळ्या पुठ्ठ्याची, आणि तिला दोऱ्याने बांधलेली शिसपेन्सिल. दुसऱ्या कुठल्या कागदावर तो कधीच उतरवायचा नाही, त्याचा हट्टच होता तसा. सुटे कागद हरवतात म्हणायचा. वहिनींनी विचारलं, कधीच नाही? म्हटलं, छे, मरेपर्यंत नाही.

त्यांनी मान हलवली. आमचं चांगलं बोलणं झालं. जाताना उगाच वाटून गेलं की सराईपाशी जुनीच गोष्ट सांगितली तरी चालेल. म्हातारपणी त्यांना नव्याने कशाला रडवायचं?

१४ सप्टेंबर

मिठाच्या सपाटीवरून निघताना दार लागलं, गाडी हलली आणि मागच्या बाजूला दोन थापा पडल्या. स्पष्ट. मी ओरडून गाडी थांबवली. उतरून मागे गेलो तर पांढरी जमीन, आमच्या चाकांच्या खुणा, आणि काही नाही. ड्रायव्हर म्हणाला, चाकाखालचे खडे पत्र्यावर उडतात. त्याने गाडी पुढे घेऊन दाखवली, पुन्हा तसेच आवाज आले. म्हणजे खडेच. पण खडे मोजून दोन वेळा उडतात का?

आत आलो तर सगळे माझ्याकडे बघत होते. वहिनींनी पिशवी उचलून मांडीवर घेतली होती.

दुपारी एक भ्याडपणा केला, तोही लिहून ठेवतो. सिस्टरला म्हटलं, खिंडीचा रस्ता खराब असल्याचं कळलंय, आपण खालच्या नव्या रस्त्याने जाऊ, सराई वगळू. ती म्हणाली, कुणाकडून कळलं? मी म्हटलं, असंच, एका ट्रकवाल्याकडून. तिने लगेच चौकीला फोन लावला. रस्ता उत्तम, आकाश निरभ्र. नकाशेकाका म्हणाले की सराईसाठीच तर ते आले आहेत. वहिनी मागे खिडकीबाहेर बघत होत्या. पण मला वाटतं त्यांनी ऐकलं.

१६ सप्टेंबर

अजून जेवणाची वेळ व्हायचीय. मी खोलीत येऊन बसलोय. आजचं आजच लिहायला हवं.

सराई आहे तशीच आहे. मधे चौक, चारी बाजूंनी दगडी खोल्या, सगळ्या मिळून चाळीस. छपरं निम्मी गेलेली. सकाळचं ऊन होतं, वाऱ्याचं नाव नाही. मी रस्त्याच्या वळणावरून पाहिलं तेव्हा दारात कुणीतरी बसलेलं दिसलं. जवळ गेलो तर दगडांचा ढीग. रस्तावाल्यांनी रचून ठेवलाय, दादा सापडला तिथे.

सगळे आत पांगले. वहिनी मात्र एकेका खोलीत गेल्या. दारातून डोकावायचं, कोपऱ्यापर्यंत नजर टाकायची, पुढच्या खोलीकडे वळायचं. चाळीसच्या चाळीस. कुणी सांगितलं नव्हतं, पण शेपटाचा माणूस असाच बघतो. मला चौकात उभं राहवेना. त्या बाहेर आल्या, ढिगाशेजारच्या ओट्यावर बसल्या आणि मला बसा म्हणाल्या. मग पिशवीतून काळ्या पुठ्ठ्याची वही काढली. दोऱ्याला पेन्सिल, टोक केलेली.

“ही तुमच्याबरोबर गाडीतून परत आली,” वहिनी म्हणाल्या. “मग भाऊजी, ते मागे राहिले ते कशावर उतरवायला?”

विहिरीच्या पायरीवर बसून मीच तर सगळं सांगून ठेवलं होतं.

वहिनी म्हणाल्या की रस्तावाल्यांनी पाठवलेल्या कागदावर लिहिलं होतं, पायात बूट, नाड्या बांधलेल्या, मफलर गुंडाळलेला. तेव्हा त्या नीट वाचू शकल्या नव्हत्या. वही सापडल्यावर त्यांनी तो कागद शोधून पुन्हा वाचला. थांबायचं म्हणून थांबलेला माणूस असा दारात येऊन बसतो का, रस्त्याकडे तोंड करून?

मग मी सांगितलं. सगळं. सर्दी, वारा, न ऐकू आलेल्या थापा, ड्रायव्हरचं विचारणं, माझं हो. आणि सतरा. म्हटलं, वहिनी, तुमच्या पाया पडून सांगतो, मी सतरा मोजले होते, कुणीतरी होतं गाडीत. आताही आहे. निघाल्यापासून रोज एक जास्त भरतंय. तुम्ही मला वेडा म्हणा, पण भरतंय.

मला वाटलं त्या मारतील. मारलं असतं तर बरं झालं असतं. त्या वही पिशवीत ठेवून उठल्या.

“चला,” म्हणाल्या. “मोजा माझ्यासमोर. त्या दिवशी मोजलेत तसे, मोठ्याने.”

सगळ्यांना गाडीत बसवलं. सिस्टर मागच्या दाराशी. वहिनी आपल्या जागेवर, पिशवी मांडीवर. प्रवाशांना काही कळत नव्हतं. मी पुढे उभा राहिलो, छातीवर हात ठेवला.

“एक,” म्हटलं. नकाशेकाकांच्या सीटला हात लावला, “दोन.” त्यांच्या मागच्या बाई, “तीन.” असं करत मागे गेलो. वहिनी तेरा. सिस्टर चौदा. म्हटलं, बघा. चौदा.

वहिनींचा चेहरा पांढरा पडला होता. त्यांनी अगदी हळू विचारलं.

“भाऊजी, एक कोण?”

मला प्रश्नच कळला नाही. म्हटलं, एक म्हणजे सुरुवात. त्या म्हणाल्या, नकाशेकाका दोन, मग एक कुणाला मोजलंत? मी पुढे पाहिलं. नकाशेकाकांच्या पुढे कुणी नव्हतं. नुसती काच, आणि काचेपलीकडे सराईचं दार. मग खाली पाहिलं. मोजणी संपली होती तरी माझा उजवा हात परत माझ्या छातीवर आला होता.

वहिनी म्हणाल्या, ते घरीसुद्धा असेच मोजायचे. गल्लीतली मुलं घेऊन फिरायला निघालो की छातीवर हात ठेवून मोठ्याने म्हणायचे, हा सोडून. मग एक. सहलीवर मनात म्हणत असतील.

हा सोडून. दादाने मला हात दाखवला, शब्द माझ्या कानावर कधी आले नाहीत. देवाचं नाव घेत असेल असं समजून मी त्या जागी एक म्हणालो.

त्या दिवशी गाडीत जास्तीचं कुणी नव्हतं. सोळा प्रवासी होते आणि मी होतो. ज्याला मी अकरा वर्षं भ्यालो, ज्याच्यासाठी खोटं बोललो, तो जास्तीचा माणूस मी होतो. आणि दादा चाळीस खोल्या बघून, कुणी मागे राहिलेलं नाही अशी खात्री करून, दाराकडे येत होता.

१७ सप्टेंबर

वहिनी बोलत नाहीत. सिस्टरला म्हटलं, मोजायचं काम तू घे. ती घेणारच होती, तेवढ्यात मागच्या सीटवरून वहिनी म्हणाल्या, नाही, तेच मोजतील. तेवढंच.

छातीवर हात ठेवला. हा सोडून. तेरा.

१९ सप्टेंबर

काल सहा वेळा, आज चार वेळा, दर वेळी तेरा. आकडा आता चुकत नाही. खरं सांगू का, मला त्या चौदाव्याची आठवण येते. तो होता तोवर मला कुणाकडे तरी बोट दाखवायला जागा होती.

मुक्कामाच्या ठिकाणी फोन बाहेरच्या टेबलावर आहे. मी आतल्या खोलीत बुटाला पॉलिश करत होतो तेव्हा वहिनींनी पुतण्याला फोन लावला. उठून जायला हवं होतं, गेलो नाही. त्या म्हणाल्या, तुझे बाबा थांबले नव्हते. आपल्याकडेच यायला निघाले होते. दोनदा म्हणाल्या. मग बराच वेळ पलीकडचं ऐकत राहिल्या. चोवीस वर्षांचा घोडा, पण पलीकडे रडत असावा, कारण वहिनी उगी, उगी बाळा असं म्हणत होत्या. मग त्याने विचारलं असेल. त्या म्हणाल्या, काकाची चूक झाली. मोजण्यात. आणि मग अकरा वर्षं खोटं बोलला. नाही, मला नाही माहीत मी त्याचं काय करणार ते.

शेवटी म्हणाल्या, माळ्यावरून फोटो खाली काढ. मी यायच्या आत पुसून लाव.

मी पॉलिशचा ब्रश हातात धरून बसलो होतो. अकरा वर्षं दिलगिरीची पत्रं लिहिली, हजारो लिहिली असतील. आज एक ओळ सुचेना. रडलो मात्र पोटभर. दादासाठी मी आजवर रडलोच नव्हतो, घाबरण्यातच सगळा वेळ गेला.

२२ सप्टेंबर

शेवटचा टप्पा पायी. जुन्या बाजारगावाबाहेर दीड कोस फरसबंदी वाट शिल्लक आहे, उंटांच्या पायांनी मधोमध झिजलेली. गाडी पलीकडच्या टोकाला उभी राहते, माणसं चालत जातात.

सकाळी वाटेच्या तोंडाशी वहिनी माझ्यासमोर येऊन उभ्या राहिल्या. सहा दिवसांनी पहिल्यांदा.

“आज शेपटाला तुम्ही,” म्हणाल्या.

सिस्टर काही न विचारता पुढे गेली. शेपटाला मी अकरा वर्षांनी चाललो. वाटेत तीन पडक्या चौक्या आहेत, तिन्हींत शिरून पाहिलं. एका बाईंची शाल विसरली होती, ती घेतली. नकाशेकाकांचा पाय दुखत होता, त्यांच्या वेगाने चाललो. त्यांनी विचारलं, शेवटच्या उंटाला घंटा कुणी बांधायची? मी म्हटलं, ठाऊक नाही. त्यांनी घसा खाकरला नाही.

नकाशेकाकांना गाडीत चढवलं आणि मी परत वाटेच्या वळणापर्यंत गेलो. वाट रिकामी होती. ऊन पडलं होतं. उभा राहिलो, जेवढं राहायला हवं त्याहून जास्त. मग आलो. दार लावलेलं होतं. आत सिस्टरने बारा मोजले होते आणि ती तेराव्यासाठी थांबली होती.

मी दारावर दोन थापा मारल्या.

दार वहिनींनी उघडलं. पिशवी खांद्याला. दारातून बाजूला झाल्या नाहीत.

“शेवटचा मीच,” म्हटलं.

वहिनी माझ्याकडे बघत नव्हत्या. माझ्या खांद्यावरून मागे, वाटेकडे बघत होत्या. मी वळून पाहिलं नाही. ड्रायव्हरने विचारलं, निघायचं? इंजिन चालू होतं, आणि वहिनी वाटेकडे बघत राहिल्या, खूप वेळ.

मग त्या बाजूला झाल्या. मी चढलो. त्यांनी दार स्वतः ओढून घेतलं, कडी लागली का पाहिलं, आणि ड्रायव्हरला म्हणाल्या, हो.